जँगो प्रकल्पातलं डॉक्युमेंटेशन साफ करताना: आधी खोट्या ओळी, मग कुरूप ओळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. जँगोवर (पायथॉन भाषेत वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कवर) चालणारा बराच जुना प्रकल्प हातात आलाय. कोडमध्ये जागोजागी कालबाह्य कॉमेंट (कोडमधल्या समजावणीच्या टिपा), अर्धवट डॉकस्ट्रिंग (फंक्शन किंवा क्लासच्या सुरुवातीला लिहिलेलं वर्णन) आणि कॉमेंट करून ठेवलेला, आता न चालणारा मृत कोड आहे. वरून सांगणं आलंय की "डॉक्युमेंटेशन साफ करून टाका". मग सुरुवात कुठून करायची? प्रत्येक फंक्शनला डॉकस्ट्रिंग हवीच का? एआयकडून लिहून घेतलं तर चालेल का? आणि हे जमल्यावर खुद्द जँगोच्या डॉक्युमेंटेशनला हातभार लावता येईल का?

सुरुवात चुकीच्या ओळींपासून करा. बहुतेक जण सुरुवात दिसण्यापासून करतात. ओळींची लांबी, पूर्णविराम, पहिलं अक्षर, रिकाम्या जागा यांत पहिला आठवडा जातो, भलामोठा डिफ (बदललेल्या ओळींची यादी) तयार होतो आणि खोट्या ओळी होत्या तिथेच राहतात, फक्त आता त्या नीटनेटक्या दिसतात. कॉमेंट नसेल तर माणूस नाइलाजानं का होईना, कोड वाचतो. चुकीची कॉमेंट असेल तर ती वाचून तो कोड वाचायचा थांबतो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी खोट्या ओळी, मग निरुपयोगी, मग कुरूप आणि सगळ्यात शेवटी नसलेल्या.

खोटी ओळ ओळखायची कशी, ते एका उदाहरणावर दाखवतो. जवळपास प्रत्येक जँगो प्रकल्पात कुठेतरी गेट-ऑर-क्रिएट वापरणारं एक छोटं फंक्शन असतं आणि त्याच्या डॉकस्ट्रिंगमध्ये लिहिलेलं असतं की "ग्राहक आधीपासून असेल तर तोच देते, नसेल तर नवा बनवते, डुप्लिकेट कधीच होत नाही". वाक्य निर्दोष वाटतं. पण जँगोच्या संदर्भग्रंथात या मेथडबद्दल एक अट स्पष्ट दिलेली आहे: ज्या फील्डवर शोध घेताय त्यावर डेटाबेसमध्येच युनिक बंधन (तीच किंमत दोनदा येऊ न देणारा नियम) असेल, तरच ही हमी मिळते. ते बंधन नसेल आणि दोन विनंत्या एकाच वेळी आल्या, तर दोन्हींना "नाही सापडला" असं उत्तर मिळू शकतं आणि डेटाबेसमध्ये दोन नोंदी तयार होतात. म्हणजे ही डॉकस्ट्रिंग तपासायची तर नुसतं फंक्शन बघून भागत नाही. मॉडेल (डेटाबेसच्या टेबलचं वर्णन करणारा क्लास) उघडावं लागतं, फील्डवर युनिक लावलंय की नाही ते बघावं लागतं, आणि लावलेलं असेल तर त्याचं मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी फाइल) प्रत्यक्ष डेटाबेसवर चाललंय ना, हेही बघावं लागतं. बंधन असेल तर डॉकस्ट्रिंगमध्ये लिहा की "मोबाइल क्रमांकावरच्या युनिक बंधनामुळे डुप्लिकेट होत नाही". नसेल तर "कधीच होत नाही" ही ओळ आजच्या आज काढा आणि बंधनासाठी वेगळं तिकीट (करायच्या कामाची नोंद) उघडा. कारणासकट लिहिलेल्या ओळीचा फायदा असा की उद्या कुणी ते बंधन काढायला गेला, तर शोध घेताना ही ओळ त्याच्या समोर येते.

अशीच दुसरी जागा म्हणजे नोंद साठवणारी सेव्ह मेथड. मॉडेलच्या डॉकस्ट्रिंगमध्ये असतं: "रक्कम बदलली की एकूण बेरीज आपोआप ताजी होते". सेव्ह ओव्हरराइड केलेली असते किंवा पोस्ट-सेव्ह सिग्नल (नोंद साठवल्यावर जाणारी सूचना) लावलेला असतो, त्यामुळे लिहिलं तेव्हा ते खरं होतं. मग वर्षभरानं कुणीतरी वेग वाढवण्यासाठी क्वेरीसेटची अपडेट मेथड किंवा बल्क-क्रिएट, म्हणजे अनेक नोंदी एकदम बदलायच्या किंवा बनवायच्या वाटा, वापरायला सुरुवात केली. या दोन्ही वाटा सेव्हला हात लावत नाहीत, प्री-सेव्ह आणि पोस्ट-सेव्ह सिग्नलही पाठवत नाहीत. अपडेटनं तर ऑटो-नाऊ लावलेली (प्रत्येक सेव्हला ताजी होणारी) तारीखसुद्धा बदलत नाही. डॉकस्ट्रिंगमधला "आपोआप" हा शब्द त्या दिवसापासून खोटा झाला, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण बदल दुसऱ्याच फाइलमध्ये झाला होता. म्हणून मी साफसफाईच्या सुरुवातीला "आपोआप", "नेहमी", "कधीच", "फक्त", "सुरक्षित" अशा अर्थाचे शब्द सगळ्या कोडमध्ये शोधतो. इंग्रजी कॉमेंटमध्ये त्यांचे जे प्रतिशब्द असतील ते घ्या. ठाम दावा करणाऱ्या ओळीच आधी खोट्या पडतात.

कॉमेंट एक सांगते आणि कोड दुसरंच करतो, असं सापडलं की हात आवरा. कॉमेंट म्हणते सहा महिन्यांपूर्वीच्या नोंदी काढा, कोडमध्ये नव्वद दिवस आहेत. अशा वेळी कॉमेंट बदलून नव्वद करण्याचा मोह होतो, कारण आपलं काम "डॉक्युमेंटेशन" आहे. पण कोडच चुकलेला असू शकतो. गिटच्या (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) लॉगमध्ये मोठा एस (-S) हा पर्याय वापरून तो आकडा कोणत्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) आला ते शोधा. कॉमेंट आधीची आणि आकडा नंतर मुद्दाम बदललेला असेल, तर कॉमेंट शिळी आहे. दोन्ही एकाच कमिटमध्ये आले असतील, तर कदाचित पहिल्या दिवसापासून बग आहे, आणि निर्णय तुमचा नाही, त्या कामाची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याचा आहे. प्रश्न विचारा, उत्तर मिळेपर्यंत ती ओळ तशीच ठेवा.

निरुपयोगी ओळी काढणं सोपं आहे, तिथे फार वेळ घालवू नका. कॉमेंट करून ठेवलेला कोड उडवा, गिटमध्ये तो आहेच. अपवाद एकच: त्यासोबत "हे असं करून बघितलं, अमुक कारणानं चाललं नाही" असं काही लिहिलेलं असेल तर कोड काढा, कारण ठेवा. ते कारण म्हणजे कुणाच्या तरी दोन दिवसांच्या मेहनतीचं फळ असतं. टूडू (नंतर करायच्या कामाची टीप) असेल तर त्याचं तिकीट करा, नाहीतर काढून टाका.

आता काढू नयेत अशा कॉमेंट. पायथॉनमध्ये कॉमेंट म्हणजे इंटरप्रीटर सोडून देतो ती ओळ, पण इतर अनेक साधनं ती वाचतात. नोक्यूए, टाइप-इग्नोर, प्रॅग्मा नो-कव्हर, ब्लॅक या कोड मांडणाऱ्या साधनासाठीचं फॉरमॅट-ऑफ, या साधनांना "हा भाग सोडा" असं सांगणाऱ्या खुणा सगळ्यांना माहीत असतात. जँगोची स्वतःची दोन प्रकरणं मात्र हमखास बळी पडतात. पहिलं म्हणजे "ट्रान्सलेटर्स" या शब्दानं सुरू होणारी कॉमेंट. भाषांतर करायच्या मजकुराच्या लगेच वर ती असते, मेक-मेसेजेस ही आज्ञा तिला उचलून पीओ फाइलमध्ये (भाषांतराच्या फाइलमध्ये) टाकते आणि भाषांतर करणाऱ्याला तिथे ती दिसते. तुमचं अॅप मराठीत उपलब्ध असेल तर ही ओळ मराठी भाषांतरकारासाठीच आहे. एका शब्दाची सुटी स्ट्रिंग त्याच्या पुढ्यात येते, तेव्हा ती बटणावर आहे की शीर्षकात, हे त्याला दुसरं कुठूनच कळत नाही. दुसरं प्रकरण म्हणजे रिमूव्हड-इन-जँगो या नावानं सुरू होणाऱ्या कॉमेंट, ज्यात एखादा भाग कोणत्या आवृत्तीत जाणार त्याचा आकडा असतो. जँगोच्या स्वतःच्या कोडमध्ये या खुणा मुद्दाम पेरलेल्या असतात. ती आवृत्ती जवळ आली की त्या नावानं शोध घेऊन काढायची ठिकाणं गोळा केली जातात. तुमच्या प्रकल्पात कुणी हाच शिरस्ता पाळला असेल, तर ती टापटिपीत पुसून टाकायची गोष्ट नाही.

याच्या उलट काही गोष्टी निव्वळ डॉक्युमेंटेशन वाटतात आणि तशा नसतात. मॉडेल फील्डचा हेल्प-टेक्स्ट (फॉर्ममध्ये फील्डजवळ दिसणारी मदतीची ओळ) घ्या. त्यातलं एक शुद्धलेखन सुधारलं तरी मेक-मायग्रेशन्स नवं मायग्रेशन तयार करतं. त्यात फील्ड बदलल्याची नोंद असते, डेटाबेसवर प्रत्यक्षात काहीच चालत नाही, पण फाइल तयार होते आणि ती कमिट केली नाही तर सीआयमधली (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांमधली) "मायग्रेशन बाकी आहे का" ही तपासणी लाल होते. व्हर्बोज-नेमचंही (फील्डच्या माणसांना वाचायच्या नावाचंही) तसंच. जँगो ४.२ पासून आलेला डीबी-कॉमेंट त्याहून वेगळा. तो खरोखर डेटाबेसच्या स्तंभावर जाऊन बसतो, म्हणजे तिथला शब्द बदलला की टेबलवर खरंखुरं विधान चालतं. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, मारियाडीबी आणि ओरॅकलवर हे चालतं, एसक्यूलाइटवर नाही. म्हणून मी या तिन्ही गोष्टी डॉक्युमेंटेशनच्या कमिटमध्ये कधीच घेत नाही. सगळे बदल गोळा करून एकाच वेगळ्या कमिटमध्ये, त्याच्या मायग्रेशनसकट करतो.

डॉकस्ट्रिंग कुणाकुणाला दिसते, हेही आधी तपासा. एपीआय बनवायचं जँगो रेस्ट फ्रेमवर्क वापरत असाल तर व्ह्यू क्लासची (विनंतीला उत्तर देणाऱ्या क्लासची) डॉकस्ट्रिंग ब्राउझरमधल्या एपीआय पानावर वर्णन म्हणून छापली जाते. तिथे कुणी लिहिलेलं असेल की "जुन्या ग्राहकांसाठी टोकनची तपासणी तात्पुरती वगळली आहे", तर ही बातमी तुम्ही जगाला देताय. असला मजकूर डॉकस्ट्रिंगमधून उचलून साध्या कॉमेंटमध्ये न्या, आणि ती तात्पुरती सोय अजून का चालू आहे हे त्याच दिवशी विचारा. अॅडमिन-डॉक्स हे जँगोसोबत येणारं अॅप लावलेलं असेल तर मॉडेल, व्ह्यू, टेम्पलेट टॅग यांच्या डॉकस्ट्रिंग अॅडमिनमध्ये रीस्ट्रक्चर्ड-टेक्स्ट या मांडणी-भाषेच्या नियमांनी रंगवून दाखवल्या जातात. तिथे मार्कडाउन पद्धतीची मांडणी गचाळ दिसते. आणखी एक बारकावा: मॉडेलला डॉकस्ट्रिंग नसेल तर जँगो स्वतःच फील्डच्या नावांची यादी करून एक बनवतो. त्यामुळे चालू प्रोग्रॅममध्ये डॉकस्ट्रिंग मोजणाऱ्या स्क्रिप्टला प्रत्येक मॉडेल उत्तीर्ण वाटतं. मोजायचंच असेल तर सोर्स फाइल वाचून मोजा.

टेम्पलेटमध्ये (पानाच्या एचटीएमएल साच्यात) सावध राहा, तिथे तीन प्रकारच्या कॉमेंट असतात आणि तिन्ही वेगळ्या वागतात. महिरपी कंस आणि हॅश घातलेली जँगोची छोटी कॉमेंट एकाच ओळीत संपली पाहिजे. ती दोन ओळींवर गेली की कॉमेंट राहत नाही, मजकूर म्हणून पानावर छापली जाते. ओळींची रुंदी सारखी करणारं साधन टेम्पलेटवर चालवलं तर नेमकं हेच घडतं. अनेक ओळींसाठी कॉमेंट टॅग आहे, तो वापरा. तिसरी म्हणजे एचटीएमएलची कॉमेंट. ती ब्राउझरपर्यंत जाते, कुणीही "सोर्स बघा" करून वाचू शकतो. शिवाय तिच्या आत जँगोचा टॅग असेल तर तो चालतोच, कारण टेम्पलेट इंजिनच्या दृष्टीनं एचटीएमएल कॉमेंट हा साधा मजकूर आहे. कुणीतरी जुनी लिंक एचटीएमएल कॉमेंटमध्ये "झाकून" ठेवते, तिच्या आतला यूआरएल टॅग जुन्या नावाला धरून असतो, पुढे ते नाव यूआरएल फाइलमधून निघतं आणि न दिसणाऱ्या ओळीमुळे अख्खं पान नो-रिव्हर्स-मॅच (त्या नावाचा पत्ता सापडला नाही) म्हणून कोसळतं. साफसफाईत मी एचटीएमएल कॉमेंट जवळपास सगळ्या काढतो.

आता कमिट. नियम साधा आहे: एका कमिटमध्ये एकाच जातीचा बदल. खोट्या ओळी सुधारल्या तो एक, मृत कोड काढला तो दुसरा, मांडणी केली तो तिसरा. तपासणारा पहिला कमिट ओळ न् ओळ वाचेल आणि तिसरा वरवर चाळेल, आणि त्यानं तसंच करायला हवं. तिन्ही एकत्र दिले तर तो सगळंच चाळतो. मांडणीच्या मोठ्या कमिटचा क्रमांक गिट ब्लेमनं (कोणती ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेनं) वगळायच्या फाइलमध्ये टाका, म्हणजे पुढे ब्लेम करताना प्रत्येक ओळीवर तुमचं नाव येणार नाही. जँगोनं २०२२ मध्ये सगळा कोड ब्लॅकनं नव्यानं मांडला, त्यांच्या भांडारातही अशी फाइल आहे.

"कोडला हात लावलेला नाही" हे नुसतं सांगू नका, सिद्ध करा. कोडच्या रचनेचं झाड बनवणाऱ्या पायथॉनच्या एएसटी मॉड्यूलनं जुनी आणि नवी फाइल पार्स करायची, मॉड्यूल, क्लास आणि फंक्शनच्या सुरुवातीला नुसती स्ट्रिंग असेल तर ती काढून टाकायची, आणि उरलेल्या झाडांचा डंप ताडून पाहायचा. कॉमेंट या झाडात मुळातच नसतात आणि ओळींचे क्रमांक डंपमध्ये आपण मागितल्याशिवाय येत नाहीत, त्यामुळे दोन्ही डंप तंतोतंत सारखे निघाले पाहिजेत. वीस-पंचवीस ओळींची स्क्रिप्ट आहे, सीआयमध्ये लावून ठेवा. एका ठिकाणी ती हटकून फरक दाखवेल: ज्या एक्सेप्शन क्लासच्या अंगात डॉकस्ट्रिंगशिवाय काहीच नव्हतं, तिथली डॉकस्ट्रिंग काढली की पायथॉन वाक्यरचनेची चूक दाखवतो, म्हणून पास लिहावं लागतं. असे फरक डोळ्यांनी बघून सोडून द्या. ही तपासणी हिरवी दिसली की तपासणाऱ्याचं अर्धं ओझं उतरतं, तो फक्त शब्दांकडे लक्ष देतो.

प्रत्येक फंक्शनला डॉकस्ट्रिंग हवी का? नको. टक्केवारीचं लक्ष्य ठेवलं की लोक फंक्शनचंच नाव वाक्य करून लिहितात, आणि "गेट-यूजर: यूजर आणते" अशा ओळींनी फाइल भरते. खुद्द जँगोच्या कोडमध्ये डॉकस्ट्रिंग नसलेल्या मेथड भरपूर आहेत. मी लिहितो ते अशा ठिकाणी: जिथे नावावरून न कळणारा परिणाम होतो, जिथे रिकामी यादी किंवा नन (काहीच नाही) आलं तर काय होतं हे विचारावं लागतं, जिथे ट्रान्झॅक्शनच्या आत बोलावणं सक्तीचं आहे, आणि जिथे डेटाबेसला वारंवार जाण्याची किंमत आहे. शैलीसाठी स्वतःचे नियम बनवत बसू नका. पायथॉनचा पेप २५७ (डॉकस्ट्रिंगचे ठरलेले संकेत) आणि जँगोची कोडिंग शैली उचला. क्रियेनं सुरू होणारं पूर्ण वाक्य, कॉमेंटमध्ये "आम्ही अमुक करतो" असला "आम्ही" नाही, कोड ८८ अक्षरांपर्यंत पण कॉमेंट आणि डॉकस्ट्रिंग ७९ वर मोडायच्या. टेस्टच्या डॉकस्ट्रिंगमध्ये "हे तपासते की" अशी प्रस्तावना नको, अपेक्षित वर्तन थेट लिहायचं. हे नियम मला पटतात, कारण यांत वाचणाऱ्याचा वेळ वाचतो.

एआयबद्दल. मसुद्यासाठी वापरा, हरकत नाही. पण ते साधन समोरचा कोड वाचून लिहितं, आणि कोड काय करतो हे वाचणाऱ्यालाही दिसतंच. डॉकस्ट्रिंगमध्ये हवी असते ती कोडमध्ये नसलेली माहिती: हे असं का, कुठल्या ग्राहकासाठी, कोणत्या सेवेच्या कोणत्या विचित्र वागण्यामुळे. ती तुमच्या जुन्या तिकिटांत आणि सहकाऱ्यांच्या डोक्यात आहे. साधनानं ते "का" स्वतःहून रचून लिहिलं, तर ज्या खोट्या ओळी काढायला तुम्ही बसलात त्यांतच भर पडली. एक उपयोग मात्र मला खरंच आवडतो: डॉकस्ट्रिंग आणि कोड दोन्ही देऊन "यांत विसंगती कुठे आहे" एवढंच विचारायचं. निघालेल्या यादीतले सगळेच मुद्दे बरोबर नसतात, पण बघायच्या जागा कळतात.

शेवटचा भाग, जँगोला हातभार. इथे काम वेगळं आहे, कारण जँगोचा संदर्भग्रंथ डॉकस्ट्रिंगमधून आपोआप तयार होत नाही. तो डॉक्स फोल्डरमध्ये हातानं लिहिला जातो, रीस्ट्रक्चर्ड-टेक्स्टमध्ये, आणि स्फिंक्स या साधनानं त्याची पानं बनतात. २००८ मध्ये १.० आवृत्तीच्या वेळी ही रचना झाली. शिकवण्या, विषयवार लेख, संदर्भ आणि "अमुक कसं करावं" असे चार विभाग आहेत. तुमची दुरुस्ती कोणत्या विभागात बसते हे आधी ठरवा. शिकवणीत अपवादांची जंत्री घुसडलेला बदल नाकारला जाणार. टायपो किंवा तुटलेली लिंक असेल तर तिकिटाची गरज नाही, थेट पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारायची विनंती) पाठवता येते. अर्थ बदलणारं काही असेल तर आधी ट्रॅकवर (जँगोच्या तिकीट-प्रणालीवर) तिकीट.

पाठवण्यापूर्वी डॉक्स फोल्डरमध्ये शुद्धलेखनाची तपासणी चालवा. नवा तांत्रिक शब्द अडकला तर त्यांच्या शब्दयादीत घालण्याआधी तो कोड म्हणून दुहेरी बॅकटिकमध्ये (``) असायला हवा होता का, ते बघा. बहुतेक वेळा तसंच निघतं. स्पेलिंग अमेरिकन. "सहज", "फक्त एवढंच करा", "सोपं आहे" या अर्थाचे इंग्रजी शब्द टाळा. २०१९ मध्ये तिकीट क्रमांक ३०५७३ अन्वये असे शब्द सगळ्या डॉक्समधून वेचून काढले गेले आणि लेखनाच्या नियमांतही ते टाळावेत असं लिहिलंय. मला तो निर्णय फार योग्य वाटतो. रात्री अकरा वाजता ज्याचं काम अडलंय, त्याला "हे सोपं आहे" वाचून मदत होत नाही. आवृत्तीत नवं आलेलं किंवा बदललेलं सांगणाऱ्या खुणा जुन्या दिसल्या तर स्वतःहून काढत बसू नका. दोन आवृत्त्या मागच्या खुणा काढणं हे त्यांच्या आवृत्ती-प्रक्रियेतलं नेमून दिलेलं काम आहे.

आणि पुल रिक्वेस्ट लहान ठेवा. शंभर पानांवर स्वल्पविराम बदलणारी रिक्वेस्ट तपासायला तिथल्या मोजक्या लोकांचा दिवस जातो आणि वाचकाला काहीच मिळत नाही. त्यापेक्षा तुमच्या प्रकल्पात गेट-ऑर-क्रिएटसारख्या ज्या ठिकाणी अख्खी टीम गोंधळली होती, त्या मेथडचं पान उघडा. अट लिहिलेली आहे पण पाचव्या परिच्छेदात दडलीये असं दिसलं, तर ती वर आणणारा चार ओळींचा बदल करा. वर्णनात लिहा की वाचणारा नेमका कुठे चुकतो आणि का. अशा बदलावर तपासणारे मनापासून बोलतात, शब्द सुचवतात, आणि तो स्वीकारला गेला तर बऱ्याचदा चालू स्थिर आवृत्तीच्या डॉक्समध्येही घेतला जातो, म्हणजे पुढच्या आवृत्तीची वाट न बघता तो लोकांना दिसतो.